भीतीचे सर्टिफिकेट

आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला आहेत. आमच्या खोलीपासून तिथपर्यंत माझी एकेचाळीस पावले होतात. लहान मुलीची किती होतात, हे मी २०२४ च्या पावसाळ्यापर्यंत मोजले नव्हते. त्या पावसाळ्यात जवळजवळ दोन महिने रोज रात्री मोजली. अठ्ठ्याहत्तर. माझ्या बनियनचे टोक तिच्या मुठीत, आणि मधल्या खांबावरचा दिवा नेमका गेलेला.

लहान मुलाला एखादा सिनेमा भीतिदायक ठरेल की नाही हे कोणी ठरवायचे आणि कशावरून, एवढाच या लेखाचा विषय आहे. वार्षिकात साहित्य, समाज, स्त्रीमुक्ती असे भारदस्त विषय असताना हा विषय किरकोळ वाटेल, याची मला कल्पना आहे. पण याच विषयात माझ्याकडून चूक झाली आहे, आणि ती चूक हसण्यावारी नेणारे मला इतके भेटले की, शेवटी लिहावेसेच वाटले.

हकिकत अशी. माझी ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. परळच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. भावजी बोटीवर असतात, त्यामुळे ताई आणि माझी भाची वर्षातले आठ-नऊ महिने लालबागला आमच्याकडेच. जून २०२४ मध्ये, शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी, मी भाचीला दादरला ‘मुंज्या’ दाखवायला नेले. ती तेव्हा साडेपाच वर्षांची होती. ताईची नाइट झाली होती, ती झोपली होती. तिला उठवून विचारावे असे मला वाटले नाही. विचारण्यासारखे त्यात काही आहे असेच वाटले नाही, हे जास्त खरे.

माझ्याकडे कारणे होती. जाहिरातीत सिनेमा विनोदी म्हटला होता. सर्टिफिकेट ‘ए’ नव्हते, ‘यूए’ होते. विषय आपल्याकडचा, कोकणातला. मुंज झाल्यावर थोड्याच दिवसांत मेलेला पोरगा झाडाला धरून राहतो, ही गोष्ट आमच्या आजीने मला भाचीच्याच वयात सांगितली होती. पण सर्वांत मोठे कारण वेगळेच होते. काही महिन्यांपूर्वी ताईने तिला शिवाजी मंदिरात ‘अलबत्या गलबत्या’ दाखवले होते. मतकरींची ती चेटकीण पाहून आमची भाची घाबरली तर नाहीच, उलट घरी येऊन आठवडाभर कमरेला ओढणी बांधून चेटकिणीसारखी चालत होती. मी सरळ हिशेब केला, चेटकिणीला जी हसते ती मुंज्याला काय घाबरणार!

मध्यंतरापर्यंत ती हसत होती. मध्यंतरानंतर गप्प झाली. मला वाटले, गोष्टीत रमली. मूल गप्प बसले की मोठ्यांना ते रमलेले वाटते, याचा पुढे मी पुष्कळ विचार केला आहे. तिने एकदाच विचारले, “मामा, अजून किती आहे?” मी म्हटले, “थोडंच.” ते खरे नव्हते.

त्या रात्री ती एकटी संडासला जायला तयार होईना. दुसऱ्या रात्री अंथरूण ओले झाले. तिसऱ्या दिवशी मजल्यावरच्या सगळ्या पोरांना बातमी लागली होती, आणि जिन्यातून येता-जाता कोणी ना कोणी घोगरा आवाज काढून तिला हाक मारू लागले. ही गोष्ट लिहिताना मला बरे वाटत नाही, पण सांगायची तर पुरी सांगितली पाहिजे. चौथ्या दिवशी तो आवाज मीही काढला. ती शाळेतून येत होती, मी वरच्या पायरीवर उभा होतो. मला वाटले, ती ओरडेल आणि मग दोघे हसू. ती ओरडली नाही. दप्तरासकट तिथेच पायरीवर बसली आणि दोन्ही हात कानांवर ठेवून बसूनच राहिली. खालून पाण्याची कळशी घेऊन येणाऱ्या काकूंनी तिला उचलून वर आणले.

ताई मला ओरडली नाही. एवढेच म्हणाली, “अरे, मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तिला अंधाराची भीती नाही, आवाजाची आहे. पावसात गडगडलं तरी ती मोरीत जाऊन बसते.” मी चौदा महिने एकाच खोलीत राहून ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. सेन्सॉर बोर्डाला ती ठाऊक असण्याचा तर प्रश्नच नाही.

आता त्या सर्टिफिकेटविषयी. सिनेमा सुरू होताना ते काही सेकंद पडद्यावर येते. आजोबांच्या पिढीतले लोक त्यात सिनेमा किती रिळांचा आहे तेवढे वाचत. आपण तेही वाचत नाही. १९५२ च्या कायद्याने आजची सेन्सॉरची चौकट उभी केली. पुढे तीसेक वर्षे व्यवहारात दोनच शिक्के होते, सगळ्यांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’. मधला ‘यूए’ १९८३ साली आला. बारा वर्षांखालील मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाखाली दाखवावा, असा त्याचा अर्थ. म्हणजे साडेपाच वर्षांची मुलगी आणि साडेअकरा वर्षांचा मुलगा कायद्याच्या लेखी एकाच बाकावर! २०२३ च्या दुरुस्तीने आणि त्यानंतरच्या २०२४ च्या नियमांनी या ‘यूए’चे तीन भाग केले. सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील आणि सोळा वर्षांवरील. ही सुधारणा चांगली आहे, उशिरा झाली एवढेच. पण एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. ‘ए’ सिनेमाला मूल नेले तर डोअरकीपर अडवतो. ‘यूए’ला अडवत नाही. तिथे आकडा ही नुसती सूचना असते, निर्णय पालकाचा. आणि दारातल्या माणसाच्या दृष्टीने मुलाचा हात धरून आलेला जो कोणी मोठा, तो पालक. त्या दिवशी मी पालक होतो. सात वर्षांची सूचना माझ्या समोर असती तरी मी म्हटले असते, साडेपाच आणि सात यांत असा काय फरक!

फरक आहे. आमच्या मानसशास्त्राच्या बाईंना मी ही सगळी हकिकत सांगितली, तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोअ‍ॅन कँटर यांच्या कामाची माहिती दिली. मुलांना पडद्यावरचे काय भिववते याचा या बाईंनी अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांच्या एका प्रयोगात मुलांना ‘विझर्ड ऑफ ऑझ’ या जुन्या चित्रपटातला चेटकिणीचा प्रसंग दाखवला, आणि काहींना आधी सांगून ठेवले की, हे खरे नाही हे लक्षात ठेवा. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांना त्या वाक्याचा उपयोग झाला. तीन ते पाच वर्षांच्यांना झाला नाही. अगदी लहान मूल दिसते त्याला भिते. विद्रूप चेहरा, माणसाचे दुसरेच काही होणे, अशा गोष्टींना. तो प्राणी चांगला की वाईट, खरा की खोटा, हा विचार नंतरचा. मोठी मुले उलट, जे खरोखर घडू शकेल त्याला अधिक भितात.

मी तिला पहिल्या रात्रीपासून सांगत होतो, “अगं, ते कॉम्प्युटरवर केलेलं असतं, खोटं असतं.” ती मान डोलवायची. मान डोलवून पुन्हा बनियन धरायची.

ताईने तिला फार काही सांगितले नाही. मुंज्याची चर्चाच केली नाही. नाइट बदलून घेता येतील तेवढ्या बदलून घेतल्या, रात्री तिचा पाय आपल्या पायावर ठेवून झोपली, आणि मला अठ्ठ्याहत्तर पावलांच्या ड्यूटीवर लावले. ही शिक्षा होती की उपचार, ते मी विचारले नाही. ताईला हे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही. तिच्या लहानपणी ‘झपाटलेला’ टीव्हीवर लागला होता. महेश कोठारे यांचा हा १९९३ चा चित्रपट महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने पोट धरून हसत पाहिला, असे आपण म्हणतो. त्या पिढीतल्या पोरांना खाजगीत विचारा. ताईची स्वतःची एक बाहुली होती, डोळे मिटणारी. तात्या विंचू पाहिल्यावर ती बाहुली माळ्यावर गेली ती गेलीच. आई सांगते की, बोळाच्या भांड्यांमागे ती ठेवली आहे याचीही ताईला भीती वाटे, म्हणून शेवटी ती भांडीवालीला देऊन टाकली.

आणि गंमत अशी की, रामदास पाध्ये यांच्या प्रत्यक्ष कार्यक्रमात हाच तात्या विंचू त्यांच्या हातावर बसतो, तेव्हा पुढच्या रांगेतली पोरे त्याच्याशी वाद घालतात. बाहुला तोच. दिलीप प्रभावळकरांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू त्यांचा, आणि त्याआधी रंगभूमीवरची ‘अलबत्या गलबत्या’तली पहिली गाजलेली चेटकीणही त्यांचीच. एकाच नटाने एकीकडे मुलांना हसवले, दुसरीकडे त्यांच्या बाहुल्या माळ्यावर चढवल्या. मग फरक नटात नाही, भुतातही नाही.

माझ्या मते फरक अंतराचा आहे. शिवाजी मंदिरात चेटकीण रंगमंचावर होती आणि आमची भाची दहाव्या रांगेत. मधले अंतर तिला दिसत होते. ती ओरडून नायकाला सावध करू शकत होती, आणि तिचे ओरडणे रंगमंचावर ऐकू जात होते. चेटकीण म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष आहे हे तिला न सांगता कळत होते. सिनेमात अंतर कॅमेऱ्याच्या हातात असते. चेहरा एकदम पडद्याएवढा होतो, आवाज चारी भिंतींतून येतो, खुर्ची खोल असते, आणि शेजारचा मामा म्हणतो, थोडंच राहिलंय.

आमच्या गावी, रत्नागिरीकडे, शिमग्यात खेळ्यांबरोबर संकासूर येतो. काळा वेष, पोरांच्या मागे धावणे. मी पाच वर्षांचा असताना त्याला इतका भ्यालो होतो की, पडवीतल्या लाकडांच्या ढिगामागे लपलो. पण थोड्या वेळाने स्वतःच्या पायांनी बाहेर आलो, लांबून पाहिले, पुन्हा लपलो, पुन्हा आलो. तिसऱ्या वाडीपर्यंत मी त्याच्या मागे होतो. किती जवळ जायचे ते मी ठरवत होतो. लालबाग-गिरगावात गणपतीत चलतचित्रांचे देखावे असतात, त्यांत खांबातून बाहेर येणारा नरसिंह हिरण्यकशिपूचे पोट फाडतो. त्याला कोणतेही सर्टिफिकेट नसते आणि पोरे बापाच्या खांद्यावर बसून पाहतात. तोंड फिरवायचे तर बापाचे डोके असते. तेरा-चौदाव्या वर्षी मी नारायण धारप पांघरुणात घेऊन वाचले. नको झाले की पुस्तक मिटत होतो, आणि दहा मिनिटांनी पुन्हा उघडत होतो. धारपांच्या कथेवरून प्रेरणा घेतलेला ‘तुंबाड’ २०१८ साली ‘ए’ सर्टिफिकेट घेऊन आला, ते योग्यच झाले. पुस्तक मिटता येते तसा पडदा मिटता येत नाही.

दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’ काढला. कालियाच्या फण्यावर उभा राहणारा बाळकृष्ण म्हणजे त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. या चित्रपटाच्या आरंभी फाळके काय करतात, तर पहिल्यांदा ती मुलगीच दाखवतात, तिचे निरनिराळे भाव दाखवतात, आणि मग तिचा कृष्ण करतात. त्यांनी हे बहुधा मुलीच्या कौतुकापोटी केले असेल. पण मला वाटते, पहिल्या बाकावरच्या एखाद्या पोराला पुढे तो नाग आला तेव्हा याचा आधार वाटला असेल. दादरच्या ज्या रस्त्याला फाळक्यांचे नाव आहे तिथून जाताना मला हल्ली हीच गोष्ट आठवते.

मित्रमंडळींनी या माझ्या म्हणण्याला दोन आक्षेप घेतले. पहिला असा की, आजची पोरे मोबाइलवर काय वाटेल ते पाहतात, त्यांना भीती कसली! मला वाटते, हे बोलणारे दिवसा बोलतात. रात्री त्यांच्या घरातली पोरे कुठे झोपतात ते पाहावे. दुसरा आक्षेप अधिक जोरदार आहे. भीती वाटू दिलीच नाही तर पोर धीट कसे होणार? पुतना, शूर्पणखा, आजीची भुते, सगळे काढून टाकायचे का? मुळीच नाही. काढून टाकायच्या मी विरुद्धच आहे. शिवाय काय काढायचे, हे तरी कोणाला नेमके कळते? शाळेत असताना आम्हाला हॉलमध्ये ‘श्यामची आई’ दाखवला होता. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट, पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलेला. यापेक्षा मुलांना योग्य असे दुसरे काय असणार? त्यात भूत नाही, राक्षस नाही. आई मरते, आणि श्याम वेळेवर पोचत नाही. मी त्यानंतर कितीतरी दिवस आईच्या साडीचा पदर हाताला गुंडाळून झोपत होतो. म्हणून तो दाखवू नये असे मी म्हणणार नाही. पदर तिथे होता, एवढे मात्र म्हणेन.

मोठ्यांच्या भीतीचे एक वेगळेच असते. आईला मी ‘झपाटलेला’विषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, “त्या साली आम्हाला बाहुल्याची कसली भीती रे!” १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांतला एक दादरच्या प्लाझापाशी झाला होता. ताई तेव्हा कडेवर होती. त्यानंतर कितीतरी दिवस रस्त्यात बेवारशी स्कूटर दिसली की आई पलीकडच्या फुटपाथवर जात असे. तिला त्याबद्दल कोणी हसले नाही. कोणी जिन्यात लपून स्फोटाचा आवाज काढला नाही. सहा वर्षांच्या मुलीची भीती तिच्यापुरती तेवढीच खरी असते, पण तिला हसायला अख्खी चाळ मोकळी असते. मी त्या सिनेमाला तिला नेले ही चूक झाली. पण दोन महिन्यांपैकी पहिला महिना सिनेमाचा होता असे धरले, तर दुसरा आमच्या हसण्याचा होता.

तेव्हा कोणी ठरवायचे? माझे उत्तर असे की, सिनेमानंतरच्या रात्री जो मुलाजवळ असणार आहे, त्याने. तिकीट काढणाऱ्याने नव्हे. ज्याला रात्री उठायचे नाही त्याला हा अधिकार नाही, मग तो मामा असो, काका असो, की वाढदिवसाला पोरांची अख्खी टोळी सिनेमाला नेणारा शेजारी असो. त्याने आधी विचारावे. आणि मुलाला घेऊन गेलाच, तर खुर्ची रांगेच्या कडेची घ्यावी, आणि “अजून किती आहे?” असा प्रश्न आला की उठावे. तिकिटाचे पैसे जातात. माझे त्या दिवशी दोन तिकिटांचे आणि एका पॉपकॉर्नचे वाचले, याचा मला तेव्हा आनंदही झाला होता.

भाची आता सात वर्षांची झाली आहे. सरकारी आकड्याप्रमाणे एक पायरी वर. मागच्या महिन्यात तिने स्वतःच ताईला विचारले, “तुझी बाहुली ज्याच्यामुळे गेली तो सिनेमा मला दाखव ना.” मी लगेच नको म्हटले. ताईने मला गप्प बसवले आणि सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, खोलीचे दार उघडे ठेवून टीव्हीवर लावला. आवाज अगदी बारीक. रिमोट भाचीच्या हातात. ती आधी ताईच्या मांडीवर होती, मग उंबऱ्यावर जाऊन बसली. बाहुल्याचे डोळे हलले तसा तिने सिनेमा थांबवला, गॅलरीत गेली, कठड्यावरून खाली पाहून आली, पुन्हा लावला. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी म्हणाली, “आज एवढाच.”

अर्ध्याहून जास्त सिनेमा अजून राहिला आहे. ताईची पुढची सुट्टी गुरुवारी आहे.